लक्षणं सुरू झाल्याचा दिवस

“मग बाई, धरायचं कोणतं?” असं दुकानने विचारलं तेव्हा फोनच्या कोपऱ्यात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. दुकान म्हणजे नववीतली एक मुलगी. वर्ग फोनवर भरायला लागल्यापासून मुलं ज्या फोनवरून येतात त्या फोनचं नाव त्यांच्या चौकटीखाली दिसतं, आणि तो फोन बहुधा घरातल्या दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. त्यामुळे माझ्या हजेरीत ‘पप्पा दोन’ आहे, ‘आई नवीन’ आहे, ‘मामी ऑफिस’ आहे आणि ‘दुकान’ आहे. सुरुवातीला मी हट्टाने खऱ्या नावाने हाका मारायचे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलंच एकमेकांना या नावांनी चिडवायला लागली आणि मीही तो हट्ट सोडला. दुकानच्या वडिलांचं वह्या-पेनांचं दुकान आमच्याच आवारात, समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. सकाळी दोन तास आणि दुपारी अडीचपासून संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या शटरने उघडं असतं आणि ती गल्ल्यामागे स्टुलावर बसून शिकते. तिने माइक सुरू केला की आधी गिऱ्हाइकाचा आवाज येतो. त्या दिवशीही कुणीतरी निळं रिफील मागितलं, ती म्हणाली, “काळंच आहे,” आणि मग त्याच सुरात, जणू पुढच्या गिऱ्हाइकाला उद्देशून, “मग बाई, धरायचं कोणतं?”

धडा इतिहासाच्या साधनांचा होता. दरवर्षी मी तो दोन तासांत उरकते, कारण नाणी, शिलालेख, पत्रव्यवहार यांची यादी मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. या वर्षी शाळा बंद झाली तेव्हा मला वाटलं की साधनं शिकवायची याहून चांगली संधी मिळणार नाही. मी प्रत्येकाला एक वही करायला सांगितली. रोज पाच ओळी. वर तारीख आणि वार. आपण स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं तेवढंच. ‘लोक घाबरले आहेत’ असं लिहायचं नाही. कोण, कुठे, किती वाजता, काय करत होतं ते लिहायचं. पहिले पंधरा दिवस मुलांनी निबंध लिहिले, निसर्ग कसा स्वच्छ झाला आहे वगैरे. मी ते परत पाठवले. मग हळूहळू नोंदी यायला लागल्या. मामी ऑफिसने लिहिलं की तिच्या आईने चार दिवसांत एकदाच केस विंचरले. पप्पा दोनने त्याच्या गल्लीतून गेलेल्या रुग्णवाहिका मोजल्या आणि शेवटी कंसात लिहिलं, ‘एक गाडी दुधाची असू शकेल’. त्या कंसाचं मी वर्गात तोंडभरून कौतुक केलं. दुकानच्या नोंदी सगळ्यांत कोरड्या असायच्या आणि म्हणून सगळ्यांत चांगल्या. तिला समोर एकच देखावा होता, आमची इमारत, आणि तोच ती रोज लिहायची.

त्या बुधवारी मी म्हटलं होतं की आज दोन साधनांमध्ये विसंगती आली तर काय करायचं ते पाहू, कुणाकडे उदाहरण आहे का. दुकानने हात वर केल्याची खूण दाबली आणि वाचलं. “सोमवार, सात तारीख. समोर तिसऱ्या मजल्यावर बाईंचे बाबा भर उन्हात गॅलरीत ब्लँकेट घेऊन बसले होते. तीन वाजता कंपोझिटर आजोबा बुद्धिबळाचा पट घेऊन वर गेले. पाचला पाच मिनिटं कमी असताना खाली आले.” मग तिने पान उलटल्याचा आवाज आला. “शुक्रवार, अकरा तारीख. बाईंच्या जिन्याखाली कागद चिकटवला. त्यावर लिहिलंय, लक्षणं सुरू झाल्याचा दिवस गुरुवार, दहा. पण बाई, मी तर आजोबांना सोमवारीच ब्लँकेटमध्ये पाहिलं. मग बाई, धरायचं कोणतं?”

मला वाटतं, मी चार सेकंदांपेक्षा जास्त थांबले नसेन. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला न थांबता बोलता येतं. ते बोलणं डोक्यातून येतं असं नाही, ते घशात तयार असतं. मी म्हटलं, छान उदाहरण आहे. म्हटलं, विसंगती आली की पहिला प्रश्न असा, की नोंद कुणी केली, किती जवळून केली आणि कशासाठी केली. कागद आरोग्य खात्याचा आहे. ती माणसं दारात आली, विचारलं, तपासलं, मग लिहिलं. तुझी नोंद आवाराच्या पलीकडून केलेली आहे. उन्हात ब्लँकेट घेऊन बसलेला माणूस आजारीच असेल असं नाही. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते. तेव्हा कागद जास्त वजनाचा. “सध्या कागद धरू,” मी म्हटलं. पप्पा दोनने माइक सुरू केला. तो वर्गातला गमत्या आहे, समोरासमोर असतानाही शेवटच्या बाकावरून एक तरी वाक्य टाकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. “बाई, पण तुम्ही तिथेच राहता की. कागद कशाला, तुम्हालाच विचारू. तुम्हीच साधन.” वीस-बावीस चौकटींमध्ये दात दिसले. मीही हसले, माझी चौकट मला दिसत होती, त्यात मी हसत होते. “बरं बाई,” दुकान म्हणाली. “मी माझं दुरुस्त करते मग.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वेळ संपायला अठरा मिनिटं होती. नेटवर्क जातंय असं सांगून मी वर्ग बंद केला.

फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बसून राहिले. टेबल म्हणजे स्वयंपाकघरातलंच. मागे भांड्यांची मांडणी दिसू नये म्हणून मी पाठीमागे नकाशा टांगला आहे. नकाशाच्या खालच्या टोकाला गुंडाळी पडते, ती सरळ राहावी म्हणून लाटण्याचं वजन लावलं आहे. आतल्या खोलीत बाबा होते. आमचं घर एवढंच, दोन खोल्या आणि गॅलरी. बाबा इस्पितळातून परत येऊन सतरा दिवस झाले होते. त्यांचा श्वास अजून ऐकू येतो, जिना चढून आलेल्या माणसासारखा. मी तो ऐकत होते आणि माझ्या मनात एक वाक्य सारखं फिरत होतं: मी माझं दुरुस्त करते मग. एका मुलीने पाहिलं, वार घातला, वेळ घातली, मिनिटं घातली, मी सांगितलं तसंच सगळं केलं, आणि मीच तिला सांगितलं की तू पाहिलंस ते कमी वजनाचं. ती आता गल्ल्यावर बसून खरा दिवस खोडत असेल. काळ्या पेनाने, कारण निळं नाही.

शुक्रवार, अकरा तारीख. दारात आरोग्य खात्याच्या दोघी होत्या, अंगभर प्लास्टिकचे डगले, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. एकीच्या हातात ताप मोजायचं यंत्र, दुसरीच्या हातात रजिस्टर. रजिस्टरवाली खूप दमलेली होती. ती लिहिताना दाराच्या चौकटीला खांदा टेकवत होती आणि मग काहीतरी आठवून पुन्हा सरळ होत होती. तिने बाबांचं वय विचारलं, घरात किती माणसं विचारलं आणि मग खाली बघतच विचारलं, “कधीपासून?” मला मागचे दोन दिवस मोजायचा नियम ठाऊक होता. लक्षणं सुरू झाली त्याच्या आधीच्या दोन दिवसांपासून भेटलेल्या सगळ्यांची यादी करतात, त्यांची तपासणी करतात, रोज बोटाला यंत्र लावून बघतात. हे मीच शाळेच्या पालकांना निरोपात समजावून लिहिलं होतं. सोमवारी सकाळी मी शाळेत होते. पुस्तकवाटप होतं. बासष्ट पालक रांगेत आले, प्रत्येकाच्या हातात मी गठ्ठा दिला, सही घेतली. मोठ्या बाई शेजारच्या खुर्चीवर होत्या, त्यांना दमा आहे. सोमवार म्हटलं की बासष्ट घरं, मोठ्या बाई, शिपाई, सगळी शाळा. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, की इतिहासाच्या बाई घरात आजारी माणूस ठेवून पुस्तकं वाटायला आल्या. मंगळवारी आणि बुधवारी आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. हे सगळं मी मोजलं असं मला आज वाटतं, पण तेव्हा ते मोजणं इतकं चटकन झालं, की त्याला विचार म्हणायचं का हेच कळत नाही. “कालपासून,” मी म्हटलं. एवढंच. तारीख मी सांगितलीच नाही, तारीख तिने लिहिली. या फरकाला मी पुढे किती दिवस धरून होते याची मला लाज वाटते; एखाद्या वकिलाने धरावं तशी.

आठवीच्या पुस्तकात जुन्या एका साथीवर दीड पान आहे. तपासनीस घरोघर फिरायचे आणि लोक आजाऱ्याला लपवायचे, माळ्यावर, लाकडाच्या खोपटात, धान्याच्या कोठीमागे. मी हे वर्गात करून दाखवायचे. एका मुलाला खुर्चीवर ताठ बसवायचं, हातात उघडी वही द्यायची आणि सांगायचं, तुला ताप आहे पण तू हिशेब करतो आहेस. मी तपासनीस होऊन त्याच्याभोवती फिरायचे. मुलं पोट धरून हसायची. नंतर मी गंभीर होऊन विचारायचे, ही माणसं असं का करत असतील? मुलं म्हणायची, अडाणी होती बाई. आणि मी म्हणायचे, अडाणी म्हणू नका, भीती म्हणा. हे वाक्य मला आवडायचं. दरवर्षी मी त्याच ठिकाणी, तसंच थांबून ते म्हणायचे. त्या वाक्यात मी कुठेच नव्हते. मी तपासनिसाच्या बाजूला उभी असायचे, हातात डस्टर.

कंपोझिटर काका आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर राहायचे. छापखान्यात एकेचाळीस वर्षं खिळे जुळवले. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे त्यांना आरशातलं लिखाण सरळ लिखाणापेक्षा लवकर वाचता यायचं. आमच्याकडे आले की माझ्या टेबलावरचं पाठ्यपुस्तक उचलून चाळायचे, मजकुरासाठी नव्हे, चुकांसाठी. एकदा एका तहाचं साल पान चाळीसवर वेगळं आणि पान एक्काहत्तरवर वेगळं त्यांनीच काढून दाखवलं. सहा वर्षं मी ते पुस्तक शिकवत होते. “बाई, छापलं की माणसं मान डोलावतात,” ते म्हणाले. “आमची सगळी ऐट तेवढ्यावरच.” बाबा मोजणी खात्यात होते, जमिनी मोजायचे. दोघांचं सूत बुद्धिबळावरून जमलं आणि बाकीचा वेळ ते एकमेकांची रेवडी उडवण्यात घालवायचे. बाबा म्हणायचे, “उलटं वाचणाऱ्या माणसाला सरळ चाल दिसायची कशी?” काका म्हणायचे, “मोजणीदार, तुम्ही बांध बघा. वजीर आम्ही नेतो.” साथ आली तेव्हा दोघांनी आठ दिवस खेळणं बंद ठेवलं, मग फोनवरून चाली सांगून बघितल्या, त्यात घोडा कुठे आहे यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि मग काका पुन्हा वर यायला लागले. गॅलरीत बसायचे, मध्ये पाट, तोंडाला मास्क. चहा आला की मास्क हनुवटीवर.

त्या सोमवारी मी शाळेतून दीडला आले. बाबा उन्हात होते. काका तीनला आले आणि दारातूनच म्हणाले, “काय हो, एवढ्या उन्हात ब्लँकेट?” बाबा म्हणाले, “जुनी हाडं आहेत, तुम्ही डाव मांडा.” मी चहा दिला. बाबांनी घोडा उचलला तेव्हा त्यांच्या हाताला बारीक कंप होता आणि त्यांनी तो मध्येच दोन घरं सोडून ठेवला, मग पुन्हा उचलला. मी ते पाहिलं. काकांनीही पाहिलं असणार, पण ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, “असू द्या बाई, आज ते हरायच्या मूडमध्ये आहेत, मोडता घालू नका.” मी आत गेले आणि पुस्तकवाटपाची यादी पक्की करत बसले. बासष्ट सह्या. बाहेरून त्यांचं हसणं येत होतं. मला एक वाक्य म्हणायचं होतं, काका, आज नको, बाबांना बरं नाही. ते वाक्य म्हटलं असतं तर सकाळी मी शाळेत कशी गेले हाही प्रश्न आला असता. म्हणून यादी.

तेरा तारखेला, रविवारी, काकांना ताप आला. ते कुणाच्या यादीत नव्हते. त्यामुळे कुणी विचारायला आलं नाही, कुणी बोटाला यंत्र लावलं नाही. त्यांना वर्षानुवर्षं खोकला होता, छापखान्यातला. काकूंना तो वेगळा वाटला नाही. एकोणीसला त्यांना न्यायला गाडी आली. चोवीसला, गुरुवारी, ते गेल्याचा निरोप आला. मी तेव्हा बाबांच्या इस्पितळात खाली रांगेत डबा हातात घेऊन उभी होते. शेजारच्यांनी फोनवर सांगितलं. मी “हो” म्हटलं आणि रांगेत पुढे सरकले.

आणि काकू. काकू सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात. नऊ तारखेला, बुधवारी, त्या भाजीच्या गाडीवर गेल्या होत्या. भाजीवाल्याला त्यांचं बोलणं कळेना म्हणून त्यांनी मास्क खाली केला आणि भाव विचारला. दोन मिनिटं. फार तर तीन. “हे तर घराबाहेर पडतच नव्हते हो,” त्या म्हणतात, “मीच आणलं ना मग. दुसरं कोण आणणार?” वर येणं हे त्यांच्या हिशेबी घराबाहेर पडणं नव्हतं, आणि बाबांचा आजार गुरुवारचा, काका वर आलेले सोमवारी, तेव्हा तो धागा जुळतच नव्हता. कागदच तसं सांगत होता. बाबांना घेऊन मी परत आले त्या दिवशी त्या दारातच होत्या. बाबांना पुढे पाठवून मी थांबले आणि त्यांनी मला ती भाजीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मी कठडा धरून ऐकलं. म्हटलं, “काकू, असं मनाला लावून घेऊ नका.” त्यानंतर आणखी तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन मिनिटांची पाच मिनिटं केली होती.

त्याच बुधवारी, वर्ग बंद केला त्या दिवशी, तीन वाजता भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो, रोज याच वेळेला बाबांची चौकशी करतो. मी त्याला सगळं सांगितलं. तारीख मी कशी सांगितली हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, कोर्टात उभी आहेस का तू?”

“नाही.”

“मग साक्ष कशाला? काका परत येणारेत?”

“काकूंना वाटतं त्यांनी आणलं.”

“वाटू दे. चार महिन्यांनी नाही वाटणार. आणि तुला खात्री आहे का, बाबांकडूनच गेलं म्हणून? असेलही भाजीवाल्याकडून.”

“असेल. पण सोमवार लिहिला असता तर काका यादीत आले असते.”

“बरं, आले असते. आणि बाबांना काय सांगशील? तुमच्यामुळे तुमचा दोस्त गेला? नुकते सावरायला लागलेत ते.” त्याचा आवाज चढला आणि मग त्याने तो खाली आणला. “तुला मोकळं व्हायचंय गं. त्यासाठी म्हाताऱ्या दोन माणसांना जखडून ठेवणार का?”

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. मला मोकळं व्हायचंच होतं. मी फोन ठेवला आणि आत गेले. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. खोल्यांमध्ये दार नाही, पडदा आहे. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “ती मुलगी कोण, सकाळी वाचत होती ती?”

“समोरच्या दुकानवाल्यांची.”

“बरोबर लिहिलंय तिने.” ते श्वासासाठी थांबले. “वेळसुद्धा. पाचला पाच कमी. मी घड्याळ बघितलं होतं, कारण तो हरला होता आणि म्हणत होता की उशीर झाला म्हणून हरलो.” पुन्हा थांबले. “तुझी मुलं साधनं शोधतायत, आणि मी इथे पडद्याआड. मला कुणी विचारलंच नाही.”

मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी विचारलं, “त्याला ताप कधी आला?”

“तेराला.”

“म्हणजे सहा दिवस.” त्यांची बोटं चादरीवर हलली, मोजल्यासारखी, पण मोजून झालेलं असावं, खूप आधीच. “मोजणीत एक खुंटी चुकून हातभर सरकवली ना, तर आपलं काही जात नाही. शेजाऱ्याची जमीन जाते. आणि त्याला पुष्कळदा कळतही नाही, तो म्हणतो माझं शेतच लहान होतं.” एवढं बोलून त्यांना खोकला आला आणि मी पाणी दिलं. पेला परत देताना ते म्हणाले, “तुझा भाऊ मोठ्याने बोलतो.”

बाहेर येऊन मी फोन उचलला. वर्गात उद्या सांगायचं ठरवलंच होतं, पण ती मुलगी आज रात्रभर खोडलेली नोंद घेऊन झोपेल हे मला सहन होईना. मी लिहिलं: ‘सोमवारची तुझी नोंद बरोबर आहे. आरोग्य खात्याला मी चुकीचा दिवस सांगितला होता. तुझं काही चुकलं नाही.’ पाठवलं. शिकवताना इतक्यांदा तिला दुकान म्हणून हाक मारली होती, की तो फोन दुकानाचा आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं. मिनिटाभरात उत्तर आलं. ‘बाई, मुलगी आईबरोबर घरी आहे. कोणता दिवस? बाबांचा का?’ पाठोपाठ दुसरं: ‘म्हणजे कंपोझिटर काका आलेले तेव्हा?’ दुकानवाल्यांचं गणित चांगलं असतं. गॅलरीतून खाली पाहिलं तर ते अर्ध्या शटरखाली वाकून बाहेर आले होते, हातात फोन, आणि वर बघत होते. दुसऱ्या मजल्याकडे की तिसऱ्या, ते एवढ्यावरून सांगता येत नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत. पण आवारात अशी गोष्ट कुणाच्या खिशात दहा मिनिटंही राहत नाही. काकूंना ही तारीख दुसऱ्या कुणाकडून कळली तर, हा विचार मनात आला तेव्हा मी आधीच चपला घातल्या होत्या.

काकूंनी दार उघडलं पण खुर्ची उंबऱ्याच्या आतच ठेवली आणि तिच्यावर बसल्या. मी वरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिले. अंतर तेवढंच पडतं. त्या म्हणाल्या, “बाबा बरे आहेत ना?” मी म्हटलं, बरे आहेत. मग मी सांगितलं. वर्गात मी कारणं आधी सांगते आणि घटना नंतर; इथे मी घटनाच सांगितली, कारणं सांगायला गेले तर मी कारणांमध्येच राहीन अशी मला भीती होती. सोमवारी बाबांना कणकण होती. काका तीनला आले, पाचपर्यंत बसले. शुक्रवारी मी कालपासून म्हणून सांगितलं. म्हणून काका यादीत आले नाहीत.

“सोमवारी तुम्हाला माहीत होतं?” काकूंनी विचारलं.

“कणकण होती ते—”

“माहीत होतं का?”

“होतं.”

त्यांनी मांडीवरच्या पदराची कड बोटांनी सरळ केली. “मी मास्क खाली केला तो बुधवारी.”

“हो.”

“म्हणजे तेव्हा त्यांच्यात ते शिरलेलं होतं.”

“बहुधा. नक्की कुणालाच सांगता येणार नाही काकू, पण बहुधा.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लोटलं. त्या आवाजाकडे काकूंनी मान वळवली नाही. “इस्पितळातून त्यांचा एक फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “तेवीसला. नर्सने लावून दिला. मी तोवर त्यांना भाजीच्या गाडीचं बोलले नव्हते. म्हटलं, रागावतील. त्या दिवशी सांगून टाकलं. म्हटलं, माझ्यामुळे झालं हो तुम्हाला. त्यांना बोलवत नव्हतं. तरी म्हणाले, केलं माफ. हसलेसुद्धा, तसे. एवढंच बोलले, मग फोन काढून घेतला.” त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे. तो राग असता तर मला ठाऊक होतं कसं उभं राहायचं. “शेवटचं बोलणं ते तेवढंच. मी ते रोज काढून बघते. आता त्या माफीचं मी काय करू बाई?”

उत्तर येत नसलं की वर्गात मी म्हणते, बघून उद्या सांगते. मी कठड्याला धरून उभी होते. हाताला लोखंड गार लागत होतं. काकू उठल्या, मला वाटलं दार लावतील. त्या आत गेल्या, पाण्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या परत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या. चेहरा धुतलेला होता. 

“बसा पायरीवर,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून सांगा. काय काय झालं, काय बोलले, सगळं. सोमवारपासून.”

मी बसले. सोमवारचं दुकानच्या वहीत होतं, बाबांना माहीत होतं, आता काकूंनाही कळलं होतं. पण रविवारी संध्याकाळी, पुस्तकवाटपाच्या आदल्या दिवशी, बाबा मला म्हणाले होते की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, अंग मोडून आलंय, उद्या शाळेत जाऊ नकोस. ते कुणी पाहिलं नव्हतं, कुठल्या वहीत नव्हतं, आणि बाबांनीही मघाशी ते काढलं नव्हतं.

मी रविवारपासून सुरुवात केली.